आजचा खण

“फॉलिक ॲसिडची गोळी रोज घेताय ना? रक्तात तर पातळी फारच कमी आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिला दुसरा महिना होता. ती घाबरली, त्याहून जास्त गोंधळली. सात वारांच्या डबीत ती स्वतःच गोळ्या भरायची. आजचा खण रिकामा दिसला, म्हणजे घेतलीच असणार! हल्ली तिचं डोकं कुठे ठिकाणावर असायचं?

दुसऱ्या दिवशी ती लवकर उठली. स्वयंपाकघरात सासूबाई डबीतली गोळी पाण्याबरोबर गिळत होत्या.

“अहो आई, ती माझी गोळी!”

सत्तरीच्या सासूबाईंनी तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवला.

“डॉक्टर म्हणाले, मागच्या वेळी घेतली असती तर बाळाचा मणका कदाचित नीट झाला असता. या वेळी एकही दिवस विसरणार नाही मी.”