काचेला पडदा

"रॉड भिंतीला लावू की छताला?" पडदेवाल्याने विचारलं.

"भिंत असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?" आई म्हणाली.

शाल्मली सकाळपासून नुसती आत-बाहेर करत होती. हे घर आर्किटेक्ट बाबांनी स्वतः आखलेलं. रस्त्याकडची अख्खी बाजू काचेची. पडद्याचं नाव काढलं की ते म्हणत, "उजेड अडवायला घर बांधलं का मी?" त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

"आई, थोडं थांबूया ना."

"घर बांधल्यापासून थांबलेच आहे."

दुपारी पडदा लागला. हॉल अंधारला. आईने चष्मा काढला, अंबाडा सोडला आणि कोचावर पाय पसरून ती आडवी झाली. या हॉलमध्ये तिला असं शाल्मलीने कधीच पाहिलं नव्हतं.

फटीतून आईच्या तोंडावर ऊन येत होतं. शाल्मलीने उठून पडदा नीट ओढून घेतला.