टोपीवाला वाटसरू

फोटोच्या खालच्या कडेतून फोटो काढणाऱ्याची सावली दोन बोटं वर आली होती. खांदे, बाहेर आलेली दोन कोपरं आणि टोकाला रुंद काठाची टोपी. राजवाड्यासमोर ती सावली तिच्या चपलांपर्यंत पोचली होती, पुलावर थोडी अलीकडे थांबली होती, मनोऱ्यापाशी आणखी आखूड झाली होती. ऊन चढत गेलं की सावली आखूड होणारच. पण टोपी तिन्हींत तीच होती, आणि सकाळचे हे फोटो तिने आपल्या हाताने लेकीला पाठवले होते.

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं ती प्रत्येक काचपट्टी दोनदा बघत आली होती. फोटोत मात्र तिने आपला चेहरा नीट आलाय ना, एवढंच पाहिलं.

दुपारच्या नाटकाचं मध्यंतर झालं आणि लेकीचा फोन आला.

“आई, फोटो कोण काढतंय?”

“कोण म्हणजे? येणारा-जाणारा कोणी. वाटसरू.”

“राजवाड्यापाशी टोपीवाला वाटसरू. पुलावर टोपीवाला वाटसरू. मनोऱ्यापाशीही तोच. बिचारा सकाळभर तुझ्याच वाटेवर होता वाटतं.”

चार पावलांवर चष्मेवाले टोपी काखेत धरून पोस्टर वाचत उभे होते. त्यांच्या चष्म्याच्या दुकानामुळे गाव त्यांना याच नावाने ओळखायचं, तीही. दोघांची पद्धत ठरलेली होती. बसमध्ये पुढेमागे बसायचं. हॉटेलात दोन मजल्यांवर दोन खोल्या. नाटकाला तिची सातवी रांग, त्यांची आठवी. फोटो एकमेकांचे काढायचे, दोघांचा मिळून एकही नाही. गावातलं कोणी भेटलंच तर योगायोग म्हणता यायला हवं. तीन वर्षांत असे पाच योगायोग झाले होते.

“मैत्रिणींबरोबर जातेय म्हणालीस,” लेक म्हणाली. “कुठायत त्या? एकीला तरी दे फोन.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाबांना जाऊन चार वर्षं नाही झाली, आई.”

“पाच. आणि दोन महिने.”

“तेच ते.” लेकीने आवाज खाली आणला. “हे बघ, मला भांडायचं नाहीये. तुझी खोली रंगवून तयार आहे. एक तारखेला तू आमच्याकडे राहायला येतेयस. तू फक्त म्हण, कोणी नाही म्हणून. मी घरात कुणाला काही बोलणार नाही. विषय संपला.”

कोणी नाही. हे दोन शब्द तिच्या तोंडात बसलेले होते. आधी नातीची परीक्षा होऊ दे, मग जावयाची बदली, मग लेकीचं ऑपरेशन. दर वेळी ती म्हणायची, एवढं झालं की सांगते घरी. दर वेळी चष्मेवाले ‘बरं’ म्हणायचे. मागच्या महिन्यात ते ‘बरं’सुद्धा म्हणाले नव्हते.

घंटा झाली. दोघांनी एकदम आत जायचं नाही, हाही नियम होता. चष्मेवाल्यांनी पोस्टरकडे पाठ केली आणि तिच्याकडे न बघता दाराकडे चालू लागले.

“अहो, थांबा!”

आवाज जरा मोठाच आला. कॉफीचे पेले घेतलेली दोन-चार माणसं वळून बघू लागली.

“कोणाला म्हणतेयस?” लेकीने विचारलं.

“चष्मेवाल्यांना. तुझा पहिला चष्मा ज्यांनी केला, त्यांना.”



“आपल्या कोपऱ्यावरचे? आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? लोकांना तोंड कसं दाखवायचं आम्ही?”

“आत्ता दाखवताय तसंच. चांगलं आहे की तुमचं तोंड.”

चष्मेवाले परत आले आणि सवयीने चार पावलांवर थांबले. तिने हाताने जवळ बोलावलं. ते दोन पावलं आले. तिने पुन्हा हात हलवला. आता ते इतके जवळ होते की फोनमधलं त्यांनाही ऐकू गेलं असतं.

“आई, ऐकतेयस ना? अजून वेळ गेलेली नाही. म्हण, कोणी नाही.”

“त्या खोलीत नातीचं टेबल लाव,” ती म्हणाली. “मी येणार नाही राहायला. वीस तारखेला आम्ही लग्न करतोय. तारीख यांनाही आत्ताच कळतेय.”