सहावं केंद्र

“तेवढी सही करा काका, म्हणजे मी सुटले,” असं म्हणत तिने बावीस वर्षांच्या पावसाच्या नोंदवह्या म्हाताऱ्यासमोर मांडल्या. प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. यापुढे मुदतवाढ नाही, असं विद्यापीठाने लेखी कळवलं होतं. त्यात परीक्षकाने खुसपट काढलं: नोंदी खऱ्या असल्याचं मूळ निरीक्षकाचं पत्र कुठे आहे?

सहा वर्षं तिने या विषयापायी डोकं फोडून घेतलं होतं. सूर्यावरचे डाग वाढले की पाऊस वाढतो, साधारण अकरा वर्षांनी हाच फेरा पुन्हा येतो, हे तिच्या सरांचं जुनं म्हणणं. सिद्ध करायचं काम मात्र हिच्या गळ्यात. आणि पाऊस मोजायच्या सहा केंद्रांपैकी पाच केंद्रांचा पाऊस सरांना अजिबात जुमानत नव्हता. डाग वर तर पाऊस खाली, डाग खाली तर पाऊस कुठेही. मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली आणि ही आपली डाग मोजत बसली. आई फोनवर विचारायची, “झाला का गं तुझा सूर्य?” तिला नुसता वीट आला होता.

तिला तारलं ते सहाव्या केंद्राने. टेकडीवरच्या पर्जन्यमापकाचा आलेख डागांच्या आलेखावर ठेवला, तर मधे बोट शिरायला जागा नव्हती. सर खूश झाले. “बाकीची पाच विसर,” म्हणाले. “तिथली माणसं कामचुकार.”

म्हाताऱ्याने चष्मा पुसून पानं चाळली. “अक्षर माझंच आहे,” तो म्हणाला. “पण टेकडीवर काही मी रोज गेलो नाही. दुसऱ्याच वर्षी गुडघा गेला.”

तिने वही आपल्याकडे ओढली. “मग वर कोण जायचं?”

“कोणी नाही. पडतोय की नाही, ते खिडकीतून दिसायचं.”

“पण किती पडला ते? इथे मिलिमीटरचे आकडे आहेत, काका. रोजचे.”

म्हातारा जराही ओशाळला नाही. एवढं शिकून पोरीला साधी गोष्ट कळत नाही, याचंच त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

“अहो, तुमचे सर दर महिन्याला पत्र टाकायचे की. सूर्यावर इतके डाग आहेत, म्हणजे तुमच्याकडे इतका पाऊस झाला असणार, जरा बघून ठेवा, असं. मग तेवढा आकडा मी पावसाच्या दिवसांत वाटून टाकायचो. आता एवढ्या शिकलेल्या माणसाला मी खोटं पाडणार होतो का?”