उजव्या हाताला उजवा डोळा

शिंप्याचं घड्याळ पुन्हा परत आलं, तेव्हा म्हाताऱ्या घड्याळजींनी आधी घड्याळाकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

"मागचं झाकण कोणी लावलं होतं?"

"मी," सून म्हणाली.

"मग झालं तर."

शिंपी अवघडून उभा होता. घड्याळ त्याच्या वडिलांच्या हातातलं, म्हणून जीव अडकलेला. "घाई नाही हो," असं म्हणून तो सटकला.

सुनेने झाकण उघडून आत पाहिलं. "स्प्रिंग वाकलीये," ती हळूच म्हणाली.

"मी तर नीट बसवून दिली होती."

"झाकण लावताना माझाच धक्का लागला असेल, बाबा."

घड्याळजींनी सुस्कारा सोडला. मुलाला या धंद्याचं कधी प्रेम नव्हतं, तो दूर नोकरीला गेला. सून मात्र हौसेने शेजारी येऊन बसली आणि बघता बघता शिकली. दुकान तिच्याच हाती द्यायचं त्यांनी ठरवलंही होतं. पण अलीकडे काय झालं कोण जाणे, दुरुस्त केलेली घड्याळं उलट्या पावली परत येऊ लागली. मधलं नाजूक काम त्यांचं, उघडणं, पुसणं, लावणं सुनेचं. म्हणजे चूक कुणाची, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शेजारचा मोबाइलवाला जागा मागत होता आणि त्याला आज संध्याकाळी उत्तर हवं होतं.

चुकीचं मूळही त्यांना सापडलं होतं. पोरगी चिमटा उजव्या हातात धरायची आणि भिंग लावायची डाव्या डोळ्याला. वर उजवा डोळा गच्च मिटायची.

"उजव्या हाताला उजवा डोळा," ते म्हणाले. "आणि मिटायचं तर मुळीच नाही. माझ्याकडे बघ. भिंग उजव्याला, डावा सताड उघडा. डोळा मिटतो तो शिकाऊ."

तेवढ्यात सासूबाई जेवणाचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन आल्या. चहा ओतून त्यांनी कप नवऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवला.

"डावा मिटून दाखव बरं," घड्याळजी सुनेला म्हणाले.

सुनेने प्रयत्न केला. दोन्ही डोळे मिटले, तोंड वाकडं झालं, कानही हलले म्हणे. सासूबाईंना हसू आवरेना.

"हसू नकोस. यात शास्त्र आहे," घड्याळजी म्हणाले. "जो डोळा पटकन मिटतो तो आळशी आणि दुसरा कामाचा. हिचा मिटतो उजवा, म्हणजे कामाचा डावा. आणि हात उजवा! हात एकीकडे, नजर दुसरीकडे. स्प्रिंग वाकेल नाहीतर काय?"

"कितीतरी जणांचं असं असतं, बाबा."

"ते घड्याळं दुरुस्त करत नाहीत."

सासूबाईंना काहीतरी आठवलं. "लग्नाआधी आमच्याकडे घड्याळ द्यायला आला होतात, तेव्हा मला डोळा मारला होता. वडील समोर बसलेले! डावा डोळा होता."

"बरोबर. डावा आळशी, उजवा कामाचा." आणि खुशीत येऊन त्यांनी बायकोला पुन्हा एकदा डोळा मारला.

"अहो, हा उजवा."

"तू समोर बसलीयेस. समोरून उलटं दिसतं."

"तेव्हाही समोरच होते की!" सासूबाईंनी बोट आधी आपल्या एका डोळ्यावर ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग हवेत नवऱ्याकडे रोखलं. शेवटी त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना. "जाऊ दे. डोक्याचा भुगा झाला माझ्या."

सून हसली नाही. ती सासऱ्यांकडे टक लावून पाहत होती.

घड्याळजींनी हात पुढे केला आणि कप कलंडला. "हा इथे कोणी ठेवला?"

"पुसते मी," सून म्हणाली. तिने दुसरा कप भरून त्यांच्या डाव्या बाजूला ठेवला. स्क्रूंची डबीही तिने हल्ली तिकडेच हलवली होती. हाताशी ठेवायची सोडून भलतीकडे, म्हणून ते कुरकुरायचे.

मग तिने त्यांच्या सांगण्यावरून भिंग उजव्या डोळ्याला लावून पाहिलं. चिमट्यातला स्क्रू टणकन उडाला आणि कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

घड्याळजींना वाईट वाटलं. मुलगी गुणी होती. त्यांच्या रागाला तिने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. पण लोक विश्वासाने घड्याळं देतात, तिथे लाड कसे चालणार?

"राहू दे," ते मऊ आवाजात म्हणाले. "यात तुझा दोष नाही, डोळ्याचा आहे. मोबाइलवाल्याला मी हो सांगतो."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला दुकान चालवायचंय, बाबा."

"माहीत आहे गं. पण नजरेपुढे कुणाचं चालतं?"

तिच्या ओठांवर काहीतरी येत होतं आणि ती ते गिळत होती.

"एकदा तुम्ही करून दाखवा," शेवटी ती म्हणाली. "डावा डोळा मिटून, नुसत्या उजव्याने. शिकाऊ करतात तसं. मग सांगा त्याला काय सांगायचं ते."

"एवढंच ना?"

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. भर दुपारचं ऊन खिडकीतून सरळ टेबलावर आलं होतं, वर दिवाही चालू होता. शिंप्याचं घड्याळ त्यांनी समोर ठेवलं, उजव्या डोळ्याला भिंग बसवलं, चिमटा उचलला.

"नीट बघ हं. डावा असा अलगद मिटायचा."

त्यांनी डोळा मिटला. चिमटा हवेतच थांबला.

"लाईट गेली का गं?"