केसरबाईचं बोचकं

सत्तेचाळीस साली निजाम हुजूरांच्या मोहरेचं वॉरंट आलं आणि गौलीगुड्याच्या हिम्मतरावांना पोलिसांनी भरल्या ताटावरून उठवून नेलं, तेही अंगावरच्या कपड्यांनिशी. ते सुटून आले, पण त्यांच्या बायकोनं, केसरबाईनं, तेव्हापासून दाराआड एक बोचकं बांधूनच ठेवलं. आत घोंगडी, तांब्या, धोतर.

बावन्न साली हिम्मतराव आमदार झाले. आठवड्यातच शिपाई लखोटा घेऊन आला. केसरबाईला वाचता येत नव्हतं, पण मोहर तिनं ओळखली. तिनं बोचकं आणून नवऱ्यापुढं ठेवलं.

"अगं, राजप्रमुखांनी चहाला बोलावलंय. आता राज्य लोकांचं आहे."

"राजप्रमुख म्हणजे हुजूरच ना? त्यांना कुठल्या लोकांनी निवडलं?"

"कुणीच नाही. पण त्यांच्या हातात आता काही नाही."

"मग मला भ्या का वाटतंय?"

बोचकं पुन्हा दाराआड गेलं.

छप्पन्न साली राज्याचे तीन तुकडे झाले आणि राजप्रमुखपद गेलं. त्या दिवशी केसरबाईनं बोचक्याची गाठ सोडली, घोंगडी धुऊन गच्चीवर टाकली. ती वाळायच्या आत शिपाई दारात आला. लखोट्यावर नवी मोहर होती.

"राज्यपालांकडं चहा आहे," हिम्मतराव म्हणाले.

"यांना तरी लोकांनी निवडलं ना?"

"नाही. दिल्लीनं नेमलंय."



केसरबाई गच्चीवर गेली आणि ओल्या घोंगडीचीच घडी घालू लागली.