मागच्या दाराचा सांधा

"आज चौथ्यांदा गळली, तर गाडीच्या आधी मलाच भंगारात काढतील," इंजिनिअर चहाचा कप खाली ठेवत म्हणाला. "कुठंतरी पाणी मुरतंय, काका. शोधा बुवा."

गळती तपासणाऱ्या काकांनी स्वेटर चढवला. हौदातल्या पाण्यावर तरंगणाऱ्या चिलखती गाडीच्या पोटात हाडं गोठवणारा गारवा असे.

एकाच सांगाड्यावर चार गाड्या बेतल्या होत्या. सैनिक नेणारी, बिनतारी यंत्रांची, उखळी तोफेची आणि ही रुग्णवाहिका. जमिनीवर धावायचं आणि नदी आडवी आली की नाकापुढची लाटा अडवणारी फळी उभारून पोहत पलीकडे जायचं, हे चौघींचंही सारखंच. पहिल्या तिघी एका दमात पास झाल्या. हिचं छप्पर उंच, आत स्ट्रेचरचे दोन मजले, त्यामुळे पाण्यात ही मागून जरा जास्त दबायची. तीनदा मागच्या दाराच्या सांध्याखाली पाणी सापडलं, आणि तीनदा वेल्डरबाईचं नाव फळ्यावर लाल खडूनं लागलं.

ही पास झाली की दुसऱ्या दिवसापासून तपासणीला यंत्र येणार होतं आणि काका घरी जाणार होते. घर म्हणजे एक खाट, एक खुर्ची आणि न वाजणारा फोन. बायको गेल्यापासून तिथं त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

इथं मात्र विचारत. रीतच होती तशी. काकांनी अर्धा तास बंद गाडीत एकटं बसायचं, आणि जिनं सांधे जोडले तिनं काठावरून, तारेच्या फोनवर, दर पाच मिनिटांनी विचारायचं.

"पाणी?"

"नाही."

मधल्या वेळात ती लेकीच्या परीक्षेचं सांगे, सासूच्या तऱ्हा सांगे. काका हुंकार देत. आठवडाभराचं बोलणं त्यांना त्या अर्ध्या तासातच मिळे.

"आत एवढी तहान लागते, काका?" मागच्या खेपेला त्यांच्या हातातली रिकामी बाटली बघून तिनं विचारलं होतं.

"म्हातारपण गं," ते म्हणाले होते.

आज ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. बाईचं काम असं की नाव ठेवायला जागा नाही, आणि नाव मात्र तिथं लाल अक्षरांत. त्यांना फार वाईट वाटलं. बाटली बाकावरच ठेवून ते शिडी चढले आणि आत उतरले.

झाकण लावायला बाई वर आली. लावायच्या आधी ती वाकली.

"तिन्ही वेळा तो सांधा मी उकलून पाहिला, काका," ती हळूच म्हणाली. "कोरडाठाक होता."



तिनं पाठीमागचा हात पुढं केला.

"बाटली विसरलात. काठोकाठ भरून आणलीय."