न वाजलेला पट्टा

बारकीनं डोळे मिटले आणि स्वतःला गादीवर झोकून दिलं. मनगटावरचा पट्टा क्षणभर गप्प राहिला. मग टेबलावरचा फोन कर्कश वाजायला लागला.

"वाजला," लंबू म्हणाला. "कालही वाजला होता. परवाही. आता बस कर ना."

बारकी उठली, फोनवर बोट टेकवून तिनं तो बंद केला आणि पुन्हा गादीच्या कडेला जाऊन उभी राहिली.

कॉलेजमागच्या भाड्याच्या गॅरेजमध्ये या दोघांचा धंदा होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांनी मनगटावर बांधायचा पट्टा बनवला होता. पट्टा घातलेला माणूस पडला की त्याच्या घरच्यांपैकी एकाचा फोन वाजायचा. घरच्यानं त्यावर बोट टेकवलं की आवाज बंद व्हायचा. निरोप पोचला असं समजायचं. कुणी बोट टेकवलंच नाही, तर थोड्या वेळानं बारकीचा फोन वाजायचा. शेवटच्या वर्षाचा अभ्यास आणि हा धंदा ती एकाच वेळी ओढत होती. वर्गात मागच्या बाकावर बसून पट्ट्याची आकृती काढायची आणि गॅरेजमध्ये पुस्तक उघडं ठेवून तारा जोडायची.

त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आजोबा. आयुष्यभर नकाशे काढलेले आणि बायको गेल्यापासून एकटे. त्यांच्या पट्ट्याला त्यांच्या मुलीचा फोन जोडलेला होता. बारकी दर आठवड्याला जाऊन त्यांचा पट्टा तपासायची, त्यांच्या हातचा कडू चहा प्यायची. एकदा तपासणी आणि पेपर एकाच दिवशी आले. तिनं चाचरत फोन केला, तर आजोबा हसले. "जा, पेपर लिही. मी काय कुठे पळून जातोय?"

ती पेपरला गेली. फोन बॅगेत होता आणि बॅग हॉलच्या दाराशी. त्याच सकाळी आजोबा न्हाणीघरात पडले. संध्याकाळी शेजाऱ्यांनी दार तोडलं, तोवर अंग गार पडलं होतं. लगेच कुणी पोचलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

पेपर संपल्यावर बारकीनं आधी फोन पाहिला होता. त्यावर काहीच आलेलं नव्हतं. म्हणजे पट्टा वाजलाच नव्हता. दुसरं काही झालं असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. कुणाच्या फोनवर काय वाजलं याची नोंद ठेवण्याइतका पट्टा अजून शहाणा झालेला नव्हता. आणि बाप गेलेल्या मुलीला जाऊन विचारणार तरी कोण?

त्या पेपरात बारकी वर्गात पहिली आली. त्यानंतर तिनं एकही पेपर दिला नाही. सर शिकवायला लागले की तिला मध्येच तो कर्कश आवाज ऐकू यायचा. ती दचकून फोन काढायची. फोन गप्प असायचा आणि तेच तिला सहन व्हायचं नाही. आजोबांचा पट्टा तिनं खोलला, तापवला, पाण्यात बुडवला. शेवटी तो स्वतःच्या मनगटावर बांधून ती पडू लागली. दर वेळी तो इमानेइतबारे वाजायचा.

उद्याच एका मोठ्या वृद्धाश्रमाच्या संचालक बाई येणार होत्या. त्यांना प्रत्येक खोलीसाठी पट्टा हवा होता. मात्र आजोबा गेले त्या दिवशी नेमकं काय बिघडलं ते आधी पटवून द्या, अशी त्यांची अट होती. लंबूनं या धंद्यापायी कॉलेज सोडलं होतं. सांगायला उत्तर नसेल, तर गॅरेजला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बारकी पुन्हा पडायच्या तयारीत होती, तेवढ्यात दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. आजोबांची मुलगी होती. या दोघांनी ताईंना याआधी पाहिलं होतं ते स्मशानात. आता त्या निम्म्या झाल्या होत्या. लंबूनं खुर्ची पुसून पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत. आधी त्यांनी अभ्यासाचं विचारलं. बाबांना तुझं फार कौतुक होतं, म्हणाल्या. मग खाली बघत सांगू लागल्या. त्या सकाळी ऑफिसात मोठी बैठक होती. त्यांचा फोन सारखा वाजत होता आणि त्या न बघताच बोटानं एकेक आवाज बंद करत होत्या. त्यातला एक वेगळा होता, असं त्यांना आता वाटतं. डोळा लागला की तोच ऐकू येतो.

"तो तुमच्या पट्ट्याचा नव्हता ना?" त्यांनी विचारलं.

बारकीनं मनगट हळूच पाठीमागे नेलं.

इतके महिने जे सापडत नव्हतं, ते समोर उभं होतं. पट्टा धडधाकट होता. तपासायला काही राहिलंच नव्हतं. पेपर लिहून तिनं कुणाचा जीव घेतला नव्हता. एका बोटानं आवाज बंद करायची कल्पना तेवढी तिची होती. आता एकच वाक्य बोलायचं, की उद्याच्या बाईंना उत्तर मिळणार होतं, लंबूला त्याचा धंदा आणि तिला तिचा वर्ग.

लंबू बोलायला पुढे झाला. बारकीनं त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला.

"नाही," ती म्हणाली. "आमचा आवाज अगदीच वेगळा आहे."

ताईंनी मान वर केली. "म्हणजे बाबांनी मला बोलावलंच नव्हतं?"

"नव्हतं, ताई. त्या दिवशी मी तपासायला येणार होते. मी पेपरला गेले. पट्टा बिघडलेला होता, तो वाजलाच नाही."